वर्डप्रेसची प्रकाशनपूर्व आवृत्ती

वर्डप्रेसची प्रकाशनपूर्व आवृत्ती म्हणजे वर्डप्रेस या मुक्तस्रोत आशय व्यवस्थापन प्रणालीची, अंतिम प्रकाशनाआधी चाचणी व भाषांतर यांसाठी सर्वांना खुली केलेली आवृत्ती होय. अल्फा, बीटा आणि प्रकाशन-उमेदवार असे तिचे तीन टप्पे मानले जातात. तिसरा टप्पा ‘आरसी’ या संक्षेपाने ओळखला जातो. ही आवृत्ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, परंतु चालू संकेतस्थळावर ती वापरू नये, अशी सूचना प्रत्येक वेळी तिच्यासोबत दिलेली असते.

प्रकाशनपूर्व आवृत्ती ही तयार वस्तूची आगाऊ मिळालेली प्रत नव्हे. काय राहील, काय वगळले जाईल आणि कोणता मजकूर कोणत्या शब्दांत दिसेल, हे ती हाती आल्यावरही काही काळ बदलता येते. मराठीसारख्या भाषेच्या दृष्टीने हा काळ विशेष महत्त्वाचा ठरतो. नव्या मजकुराचे मराठी भाषांतर आणि देवनागरी लिपीत आढळणाऱ्या दोषांची नोंद ही दोन्ही कामे याच मोजक्या आठवड्यांत व्हावी लागतात. ती झाली नाहीत तर नवी आवृत्ती अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी अशा अवस्थेत वापरकर्त्यापुढे येते आणि लिपीतील दोष पुढच्या आवृत्तीपर्यंत तसेच राहतात.

पार्श्वभूमी

प्रत्येक पान संगणकीय भाषेत न लिहिता संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे व मांडणी यांची निगा राखता यावी, यासाठी आशय व्यवस्थापन प्रणाली वापरतात. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, मांडणी ‘थीम’ नावाच्या वेगळ्या साच्यात राहते आणि वाचकाने पान उघडताच दोन्ही एकत्र येतात. अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील एखाद्या शाळेचे उदाहरण घेतल्यास याचा उपयोग लक्षात येतो. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. सुट्या पानांच्या जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळावर शाळेच्या पत्त्यातील हे नाव प्रत्येक पान उघडून बदलावे लागते. आशय व्यवस्थापन प्रणालीत पानाच्या तळाशी येणारा पत्ता एकदा बदलला की तो सर्व पानांवर बदलतो. सोय मोठी आहे, पण तिच्याबरोबर परावलंबनही येते. सर्व पाने एकाच यंत्रणेवर उभी असल्यामुळे तिच्या नव्या आवृत्तीतील एक दोष एकाच वेळी सर्व पानांवर उमटतो.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रकाशित झाली. मिशेल वाल्द्रिगी यांच्या ‘बी२/कॅफेलॉग’ या प्रणालीचे काम थंडावल्यावर मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी तिच्या आधारे नवी प्रणाली उभी केली. ती पीएचपी या भाषेत लिहिलेली असून मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस वापरते. ‘जीपीएल’ या मुक्त परवान्यामुळे तिची संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार सर्वांना आहे. डब्ल्यू३टेक्स या संस्थेच्या पाहणीनुसार अलीकडच्या वर्षांत जगातील सुमारे ४३ टक्के संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. प्रमुख आवृत्त्यांना जॅझ संगीतातील कलावंतांची नावे देण्याची प्रथा आहे. ती नावे मात्र अंतिम प्रकाशनाच्या वेळी जाहीर होतात, प्रकाशनपूर्व आवृत्ती केवळ क्रमांकाने ओळखली जाते.

पूर्वी नवी आवृत्ती घ्यायची की नाही, हे संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती ठरवीत असे. ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून किरकोळ व सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसू लागल्या. डिसेंबर २०२० मधील ५.६ पासून नव्याने उभारलेल्या संकेतस्थळांवर प्रमुख आवृत्त्याही आपोआप बसण्याची व्यवस्था मूळ रचनेतच आली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल उपकारक आहे. परंतु ज्या शाळेत किंवा वाचनालयात संकेतस्थळाकडे रोज पाहणारे कोणी नाही, तेथे नवी आवृत्ती एखाद्या रात्री न सांगता येऊन बसते. तिच्यातील दोष आधीच पकडले जाणे हे त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

टप्पे

एक प्रमुख आवृत्ती प्रकाशित झाली की पुढील आवृत्तीचे काम ‘ट्रंक’ म्हणजे संहितेच्या मुख्य खोडावर सुरू होते. हा अल्फा टप्पा होय. या काळात रोजच्या रोज तयार होणारी प्रत कोणालाही उतरवून घेता येते. तिच्यात सकाळी असलेली सोय संध्याकाळी नसेल, अशी शक्यता गृहीतच धरलेली असते.

पहिल्या बीटापासून नव्या सुविधांची भर थांबते आणि दोष काढण्याचे काम सुरू होते. साधारणपणे दर आठवड्याला एक याप्रमाणे तीन किंवा अधिक बीटा येतात. एखादी सुविधा अपेक्षेप्रमाणे तयार झाली नाही, तर ती याच टप्प्यात काढून पुढील आवृत्तीवर टाकली जाते.

प्रकाशन-उमेदवार हे नाव अन्वर्थक आहे. नवा दोष आढळला नाही तर हीच प्रत अंतिम म्हणून निवडली जाईल, असा त्याचा अर्थ. या टप्प्यावर संहितेत बदल करायचा तर अधिकार असलेल्या दोघांची संमती लागते. नव्या आवृत्तीत तांत्रिकदृष्ट्या काय बदलले, याचे सविस्तर मार्गदर्शन पहिल्या उमेदवाराच्या सुमारास प्रसिद्ध होते आणि थीम व प्लगइन तयार करणाऱ्यांनी आपापली तपासणी उरकणे अपेक्षित असते. अंतिम प्रकाशनाच्या आधीचे २४ तास संहितेला कोणी हात लावत नाही.

६.९ या आवृत्तीचे वेळापत्रक या क्रमाचा नमुना म्हणून पाहता येते. तिचा पहिला बीटा २१ ऑक्टोबर २०२५ रोजी, पहिला प्रकाशन-उमेदवार ११ नोव्हेंबर रोजी आणि अंतिम आवृत्ती २ डिसेंबर रोजी आली. म्हणजे चाचणीसाठी एकूण सहा आठवडे आणि स्थिर झालेल्या मजकुराच्या भाषांतरासाठी त्यांपैकी अखेरचे तीन. पहिला बीटा आला त्या दिवशी महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन होते. वेळापत्रक आखताना जगभरच्या सणावारांचा मेळ घालता येत नाही हे खरे. पण मराठी स्वयंसेवकांच्या वाट्याला आलेल्या सहा आठवड्यांतला पहिला आठवडा दिवाळीत गेला.

५.० आवृत्तीचे प्रकरण

प्रकाशनपूर्व काळ किती असावा, यावरून झालेला सर्वांत मोठा वाद २०१८ मधील ५.० या आवृत्तीचा होय. छपाईचे प्रणेते योहान्स गुटेनबर्ग यांचे नाव दिलेला नवा संपादक या आवृत्तीत यायचा होता. आधीच्या संपादकात संपूर्ण लेख एका सलग चौकटीत लिहिला जाई. नव्या रचनेत प्रत्येक परिच्छेद, चित्र व शीर्षक हा स्वतंत्र ठोकळा झाला. सुमारे १५ वर्षांची लेखनाची सवय त्यामुळे बदलणार होती.

हा संपादक २०१७ पासून वेगळ्या प्लगइनच्या रूपाने चाचणीसाठी उपलब्ध होता आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ४.९.८ या आवृत्तीतून सर्व वापरकर्त्यांना तो करून पाहण्याचे निमंत्रणही दिले गेले. तरीही खुद्द ५.० चा पहिला बीटा २४ ऑक्टोबर २०१८ रोजी आला आणि प्रकाशनाची तारीख १९ नोव्हेंबर ठरली होती. दृष्टिहीन व अपंग वापरकर्त्यांना नवा संपादक वापरता येईल का, याविषयी गंभीर आक्षेप होते. सुगम्यता पाहणाऱ्या गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी ऑक्टोबरमध्ये आपले काम सोडले. तारीख आधी २७ नोव्हेंबरला आणि मग आणखी पुढे गेली. त्यापलीकडे उशीर झाल्यास प्रकाशन २२ जानेवारी २०१९ रोजी करावे, असे मूळ नियोजनात म्हटले होते. प्रत्यक्षात तिसरा प्रकाशन-उमेदवार ४ डिसेंबरला आला आणि दोनच दिवसांनी, ६ डिसेंबर २०१८ रोजी, अंतिम आवृत्ती प्रकाशित झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे वर्डप्रेसचा वार्षिक मेळावा सुरू होणार होता.

जुना संपादक परत आणणारे ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन त्यानंतर पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवले गेले. एखादी नवी सुविधा वर्षभर चाचणीत असली तरी ती ज्या आवृत्तीत येणार त्या आवृत्तीची सलग चाचणी वेगळीच असते, हा मुद्दा या प्रकरणाने ठळक केला.

अल्फा आवृत्ती चालू संकेतस्थळांवर पोहोचल्याची घटना

प्रकाशनपूर्व आवृत्ती हेतुपुरस्सर बसवल्याशिवाय बसत नाही, या समजाला ३० ऑक्टोबर २०२० रोजी तडा गेला. आदल्या दिवशी आलेल्या ५.५.२ या आवृत्तीत, नवे संकेतस्थळ उभारताना डेटाबेसची जोडणी आधी नोंदलेली नसेल तर उभारणीच होत नाही, असा दोष आढळला. म्हणून ती आवृत्ती वाटणे थांबवण्यात आले. मात्र ते थांबवताना झालेल्या चुकीमुळे स्वयंचलित यंत्रणेने काही संकेतस्थळांवर ५.५.३ ची अल्फा आवृत्ती पाठवली. भारतीय वेळेनुसार रात्री नऊ ते साडेनऊच्या सुमाराचा हा अर्धा तास होता.

सुदैवाने या अल्फाची मूळ संहिता ५.५.२ पेक्षा वेगळी नव्हती. प्रकाशनपूर्व प्रतीसोबत जाणाऱ्या जुन्या थीम व एक प्लगइन मात्र त्या संकेतस्थळांवर न मागता येऊन बसले. दुरुस्त केलेली ५.५.३ त्याच दिवशी प्रकाशित झाली. आपल्या संकेतस्थळावर कोणत्या क्रमांकाची आवृत्ती आहे आणि तिच्यापुढे ‘अल्फा’ किंवा ‘बीटा’ असा शब्द आहे का, हे अधूनमधून पाहण्याचा सल्ला जाणकार देतात तो यामुळेच.

मराठी भाषांतर

वर्डप्रेसचे भाषांतर ‘पॉलिग्लॉट्स’ नावाचा स्वयंसेवकांचा गट करतो. मराठी हा त्यातील एक भाषागट आहे. ‘ग्लॉटप्रेस’ या साधनात इंग्रजी मजकूर तुकड्यातुकड्यांनी समोर येतो, कोणीही सभासद भाषांतर सुचवू शकतो आणि त्या भाषेचे संपादक ते तपासून मान्य करतात. ४.० या सप्टेंबर २०१४ मधील आवृत्तीपासून संकेतस्थळ उभारतानाच भाषा निवडण्याची सोय झाली आणि मराठी निवडणाऱ्याला भाषांतराची फाइल वेगळी शोधण्याची गरज उरली नाही.

पहिल्या प्रकाशन-उमेदवाराबरोबर मूळ इंग्रजी मजकूर गोठवला जातो. त्यानंतर तो बदलत नसल्याने भाषांतरकाराला निश्चिंतपणे काम करता येते. पण याला दुसरी बाजू आहे. मूळ वाक्याची रचनाच मराठीला अडचणीची असेल, तर ती बदलून घेण्याची मुदतही तेथेच संपते.

अशा अडचणी मराठीत वारंवार येतात आणि त्यांतली पहिली लिंगाची आहे. ‘अमुक हटवले’ असा अर्थ देणारे एकच इंग्रजी वाक्य लेख, टिप्पणी आणि पान या तिन्हींसाठी वापरलेले असते. रिकाम्या जागी त्या वस्तूचे नाव आपोआप भरले जाते. इंग्रजीत क्रियापद बदलत नाही. मराठीत मात्र लेख हटवला, टिप्पणी हटवली आणि पान हटवले, अशी तीन रूपे लागतात. एकच रूप निवडले तर दोन ठिकाणी वाक्य अशुद्ध होते. ‘हटवण्याची क्रिया पूर्ण’ अशी नामाची रचना करून वाट काढता येते, पण तिने भाषा सरकारी परिपत्रकासारखी कोरडी होते. खरा उपाय म्हणजे तिन्ही वस्तूंसाठी मूळ संहितेतच तीन स्वतंत्र वाक्ये ठेवणे. ही मागणी बीटा काळात केली तर मान्य होऊ शकते. मजकूर गोठल्यावर पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. हिंदी, फ्रेंच, स्पॅनिश अशा अनेक भाषांना हीच अडचण भेडसावत असल्याने एका भाषेच्या गटाने केलेली तक्रार इतरांच्याही कामी येते.

वचनाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मराठीसाठी एकवचन व अनेकवचन अशी दोन रूपे यंत्रणेत नोंदलेली आहेत, त्यामुळे ‘१ टिप्पणी’ आणि ‘२ टिप्पण्या’ ही रूपे योग्य जागी येतात.

शब्दनिवडीचा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या सुविधेबरोबर उभा राहतो. ६.९ मध्ये लेखाच्या एखाद्या ठोकळ्यावर सहकाऱ्यांसाठी अभिप्राय लिहून ठेवण्याची सोय आली आणि तिला ‘नोट्स’ असे नाव मिळाले. मराठीत टीप, टिपण, नोंद, शेरा असे चार शब्द सहज सुचतात आणि चौघांच्या छटा वेगळ्या आहेत. शाळेच्या वहीवर शिक्षक लिहितात तो शेरा. ग्रंथाच्या तळाशी येते ती टीप. पुढच्या लेखनासाठी काढून ठेवतात ते टिपण. ‘नोंद’ हा शब्द लेखासाठी आधीच वापरला असेल तर तो पुन्हा वापरता येत नाही. हा निर्णय घाईने झाला तर एकाच पडद्यावर एका गोष्टीची दोन नावे दिसतात आणि वापरकर्ता कंटाळून सारी मांडणी इंग्रजीत करून घेतो. भाषांतर अपुरे असण्यापेक्षा विसंगत असणे अधिक त्रासदायक ठरते, ते असे.

भाषांतराचा एक भाग केवळ खंड व शहरे यांच्या नावांचा आहे. प्रमाणवेळ निवडण्याच्या यादीत ही नावे येतात. भारतासाठी त्या यादीत कोलकाता हे एकच नाव असल्याने मुंबई, पुणे किंवा अहिल्यानगर शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

देवनागरी लिपीची चाचणी

भाषांतर पूर्ण असले तरी प्रणाली मराठीत नीट चालते असे त्यावरून सिद्ध होत नाही. मराठी मजकूर लिहिला, साठवला, शोधला आणि दाखवला गेला की काही दोष दिसतात, आणि ते केवळ मराठी किंवा अन्य भारतीय भाषांत लिहिणाऱ्यालाच दिसतात. इंग्रजीत चाचणी करणारा कितीही काटेकोर असला तरी त्याच्यापुढे ते येत नाहीत.

पानाच्या पत्त्याची लांबी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता तयार करते आणि पत्त्याच्या या भागासाठी डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा असते. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर होते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह साठवताना तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला नऊ जागा लागतात. काना, वेलांटी व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. परिणामी २२ देवनागरी चिन्हांनंतर पत्ता तोडला जातो. ‘अहमदनगर जिल्हा वाचनालय’ या शीर्षकात २० चिन्हे व दोन रिकाम्या जागा आहेत. त्यांना १८२ जागा लागतात आणि पत्ता पूर्ण बसतो. नव्या नावाने ‘अहिल्यानगर जिल्हा वाचनालय’ असे शीर्षक दिल्यास २३ चिन्हांना व दोन रिकाम्या जागांना २०९ जागा लागतील. अशा वेळी शेवटचा ‘य’ गळून पत्ता ‘वाचनाल’ या शब्दावर संपतो. शीर्षक स्वतः शाबूत राहते, पण पत्ता तुटका दिसतो. शीर्षकांचे पहिले शब्द सारखे असले तर दोन लेखांचे पत्ते एकच होऊ पाहतात आणि एकापुढे क्रमांक लावावा लागतो. पत्ता हाताने लहान करणे हा यावरचा रूढ उपाय आहे.

परिच्छेदाचे आद्याक्षर मोठे करण्याची सोय नव्या संपादकात आहे. रोमन लिपीत आद्याक्षर म्हणजे एक चिन्ह. देवनागरीत ते पूर्ण अक्षर असायला हवे: ‘स्वातंत्र्य’ या शब्दात ‘स्वा’. काही ब्राउझर मात्र ‘स्’ तेवढा मोठा करून ‘वा’ लहान ठेवतात आणि जोडाक्षर फुटते. सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ या प्रमाणात देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला आहे. तो सर्व ब्राउझरांत व जुन्या फोनांत पोहोचेपर्यंत ही चाचणी प्रत्येक आवृत्तीत नव्याने करावी लागते.

‘ॲ’ या अक्षराची गोष्ट अशीच आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्याआधी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून ते लिहीत आणि आजही काही कळफलक तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. म्हणून ‘ॲप’ हा शब्द एका पद्धतीने लिहून दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतील अर्ध्या ऱ्हस्व दिसणाऱ्या ‘र’चीही हीच गत होते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दिसण्यासाठी पानाची भाषा मराठी असल्याचे आतून नोंदलेले असावे लागते; ती नोंद चुकली तर काही फॉन्टांत ही अक्षरे हिंदी वळणाने उमटतात. मजकूर वाचता येतो, पण मराठी वाचकाला तो परका वाटतो.

जुन्या संकेतस्थळांच्या बाबतीत धोका अधिक असतो. २००७ मधील २.२ या आवृत्तीत डेटाबेसची वर्णसंहिता निश्चित करण्याची सोय आली. त्याआधीच्या अनेक संकेतस्थळांवर देवनागरी मजकूर पश्चिम युरोपीय लिपींसाठी असलेल्या रकान्यांत साठलेला होता. नवी नोंद जशीच्या तशी लावल्यावर त्या मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे किंवा प्रश्नचिन्हे दिसू लागत. मजकूर नष्ट झालेला नसे, तरी त्याच अवस्थेत कोणी ‘जतन करा’ म्हटले की तो खरोखरच जाई. ज्यांनी आधी प्रत काढून चाचणी केली त्यांचे लेखन वाचले.

चाचणीची रीत

चाचणीसाठी चालू संकेतस्थळाची प्रत वेगळ्या जागी उभारतात. नवी आवृत्ती डेटाबेसच्या रचनेतही बदल करू शकते आणि मागे परतण्याची सोय प्रणालीत नाही. त्यामुळे डेटाबेस व फाइली यांचा बॅकअप आधी घ्यावा लागतो. प्रतीवर ‘वर्डप्रेस बीटा टेस्टर’ हे प्लगइन बसवल्यास प्रकाशनपूर्व आवृत्त्या नेहमीच्या सुधारणांसारख्या मिळत राहतात. ज्यांच्याकडे स्वतंत्र सर्व्हर नाही त्यांच्यासाठी ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ हा मार्ग आहे. यात संपूर्ण प्रणाली ब्राउझरमध्येच चालते. काही बसवावे लागत नाही. शाळेच्या संगणक कक्षातील विद्यार्थ्यालाही या मार्गाने बीटा उघडून देवनागरीत चार ओळी लिहून पाहता येतात.

आढळलेला दोष ‘ट्रॅक’ या नोंदवहीत लिहायचा असतो. काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, या तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या नोंदीकडे लक्ष लवकर जाते. ही नोंदवही इंग्रजीत चालते. मराठी मजकुरातील दोष ज्याला सर्वांत आधी दिसतो, त्याला तो परक्या भाषेत समजावून सांगावा लागतो, ही या व्यवस्थेतील खरी उणीव आहे. दोषाचे चित्र आणि नेमका शब्द देवनागरीत जोडल्यास ही अडचण काहीशी कमी होते.

महाराष्ट्रातील सहभाग

पुणे, मुंबई, नाशिक व नागपूर येथे ‘वर्डकॅम्प’ नावाने वर्डप्रेसचे मेळावे झाले आहेत. अशा मेळाव्यांत एक दिवस किंवा काही तास प्रत्यक्ष योगदानासाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे आणि नवख्यांना बहुधा भाषांतराचे किंवा चाचणीचे काम दिले जाते. पुण्यातील ‘आरटीकॅम्प’ ही राहुल बन्सल यांनी स्थापन केलेली कंपनी वर्डप्रेसच्या मूळ संहितेच्या कामातही भाग घेते. आशिया खंडाच्या वर्डकॅम्पचा २०२६ चा मेळावा मुंबईत होईल, अशी घोषणा २०२५ मध्ये मनिला येथील मेळाव्यात झाली.

अन्य प्रणाली

ड्रुपल या प्रणालीचा प्रकाशनपूर्व काळ वर्डप्रेसच्या तुलनेत फार मोठा असू शकतो. तिच्या ८ व्या आवृत्तीची पहिली अल्फा मे २०१३ मध्ये, पहिला बीटा १ ऑक्टोबर २०१४ रोजी आणि पहिला प्रकाशन-उमेदवार ७ ऑक्टोबर २०१५ रोजी आला. अंतिम प्रकाशन १९ नोव्हेंबर २०१५ रोजी झाले. तीन हजारांहून अधिक लोकांचा तिला हातभार लागला. मजकूर, मांडणी व नियंत्रण-पटल अशा तिन्ही स्तरांवर भाषांतराची सोय या आवृत्तीत मूळ प्रणालीतच आली. त्यानंतर तीन महिन्यांनी, १८ ते २१ फेब्रुवारी २०१६ या काळात, ‘ड्रुपलकॉन’ हा मेळावा आशियात प्रथमच भरला, तो पवई येथील आयआयटी मुंबईत.

जूमला या प्रणालीच्या ४.० आवृत्तीची पहिली अल्फा नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि अंतिम आवृत्ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली. तिचे नाव ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतले असून तो शब्द मूळचा अरबी आहे. जुन्या मराठी हिशेबांत एकूण बेरजेसाठी येणारा ‘जुमला’ त्याच मुळाचा.

मीडियाविकी या विकी-प्रणालीची रीत आणखी निराळी आहे. विकिपीडिया व तिचे भगिनी प्रकल्प या प्रणालीवर चालतात आणि तिची स्थिर आवृत्ती प्रकाशित होण्याची वाट ते पाहत नाहीत. दर आठवड्याला तयार होणारी विकासातील प्रत मंगळवारी चाचणीच्या विकींवर, बुधवारी विकिस्रोत, विक्शनरी अशा प्रकल्पांवर आणि गुरुवारी मराठीसह बहुतेक भाषांच्या विकिपीडियांवर चढवली जाते. वाटेत मोठा दोष आढळला तर ती मागे घेतली जाते. तिच्या मजकुराचे मराठी भाषांतर ‘ट्रान्सलेटविकी’ या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात आणि ते दीर्घ मुदतीची वाट न पाहता प्रणालीत दाखल होत राहते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा वाचक त्यामुळे मीडियाविकीची प्रकाशनपूर्व आवृत्तीच रोज वापरत असतो.